आकड्यांचे भाषांतर



संतवाङ्मय, इतिहास, नाटक, अर्थकारण अशा विषयांवर ज्या व्यासपीठावरून थोरामोठ्यांनी बोलावे, तिथे धरणाच्या पाण्याचा हिशेब करण्यात जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला चिटणिसांनी का बोलवावे, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. मी त्यांना तसे म्हणालोही. त्यांनी सांगितले, "यंदा भाषांतर हा विषय कोणी घेतलेला नाही, तुम्ही त्यावर बोला." मी म्हटले, "अहो, मी आयुष्यात एकच भाषांतर केले, आणि तेही फोर्ट्रानमधून सी-मध्ये." ते म्हणाले, "मग त्याच्यावरच बोला." तेव्हा आज जे काही होईल त्याची निम्मी जबाबदारी त्यांच्यावर आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

प्रथम थोडी ओळख करून देतो. निसर्गातल्या एखाद्या घटनेचे नियम समीकरणांत मांडायचे, ती समीकरणे संगणकाला समजेल अशा भाषेत लिहायची, आणि मग आकड्यांच्या जगात ती घटना घडवून पाहायची, याला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत त्यासाठी निरनिराळे प्रतिशब्द सुचविले जातात. मी आपला सिम्युलेशनच म्हणतो, कारण ज्या मंडळींत मी वावरलो त्यांच्या तोंडी तोच शब्द होता. उद्याचे हवामान, धरणात येणारा पूर, अणुभट्टीतली उष्णता, कणभौतिकीतली टक्कर, या सर्वांची अशी आकड्यांतली प्रतिरूपे असतात. ती संगणकाच्या कोणत्या ना कोणत्या भाषेत लिहिलेली असतात. आणि भाषा म्हटली की ती जुनी होते, तिचे जाणकार निवृत्त होतात, नवी यंत्रे दुसरीच भाषा मागू लागतात. मग कोणीतरी म्हणते, हे सगळे नव्या भाषेत लिहून काढा. बोलायला हे किती सोपे!

कधीकधी ते खरोखरच सोपे असते. १९५० साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या ॲबरडीन येथे एनिॲक नावाच्या अवाढव्य यंत्रावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन या मंडळींनी गणिताने हवामानाचा अंदाज काढण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. चोवीस तासांचा अंदाज काढायला सुमारे चोवीस तासच लागले. म्हणजे उद्याचे हवामान उद्याच कळले! पुढे २००८ साली पीटर लिंच आणि ओवेन लिंच यांनी तेच गणित नव्याने लिहून नोकियाच्या एका साध्या मोबाइलवर चालविले. त्याला एक सेकंदही लागला नाही. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात आज एनिॲकचे पणजोबा लाजतील असे यंत्र आहे, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. परंतु त्या प्रयोगात समीकरण मुळात एक होते, आणि प्रोग्राम चार पानांत मावण्याजोगा. आजची हवामानाची प्रतिरूपे लाखो ओळींची असतात, आणि त्यांतली प्रत्येक ओळ कोणीतरी, कधीतरी, कशासाठीतरी लिहिलेली असते. शेवटचे हे "कशासाठीतरी" हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

या ओळींपैकी पुष्कळशा फोर्ट्रान भाषेत आहेत. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा १९५७ साली यंत्रावर चालती केली. समीकरण कागदावर लिहितो जवळजवळ तसेच ते यंत्राला सांगता यावे, हा तिचा हेतू. शास्त्रज्ञ तिच्यावर इतके लुब्ध झाले की, साठ-पासष्ट वर्षे उलटून गेल्यावरही त्यांतले पुष्कळजण तिला सोडायला तयार नाहीत; आणि मला विचाराल तर त्यांचे सगळेच चुकते असे नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. बाहेरच्या संस्थांनाही त्यावर वेळ मिळे. कार्डांचा गठ्ठा घेऊन जायचे, तो देऊन यायचे, आणि दुसऱ्या दिवशी कळायचे की तेराव्या कार्डावर स्वल्पविराम राहिला आहे. एका कार्डावर ऐंशी रकाने, त्यांतले पहिले बहात्तर कामाचे. नाव सहा अक्षरांहून मोठे असता कामा नये. अशा दाटीवाटीत "हा गुणक मी अमुक कारणासाठी घातला आहे" असे सविस्तर लिहायला कोण बसतो?

ज्या प्रोग्रामचे भाषांतर माझ्या नशिबी आले, तो असाच त्या सीडीसी यंत्रासाठी कार्डांवर लिहिला गेला होता. तो लिहिणारे साहेब माझे पहिले वरिष्ठ. करड्या शिस्तीचे, पण मनाने मोकळे. ते १९८४ साली निवृत्त झाले, आणि १९९३ साली कार्यालयाने ठरविले की, फोर्ट्रान जाणणारा आता एकटा हाच उरला आहे, तेव्हा हाही निवृत्त होण्यापूर्वी याच्याकडून प्रोग्राम सी-मध्ये करून घ्यावा. कार्यालयाचे नाव सांगत नाही; सांगण्यात अर्थही नाही, कारण दोष असला तर तो माझा होता.

प्रोग्रामचे काम असे: पावसाळा संपला की ऑक्टोबरात धरणात पाणी किती आहे ते घ्यायचे, नद्या-ओढ्यांचे येणारे पाणी मिनिटामिनिटाने त्यात मिळवायचे, बाष्पीभवन वजा करायचे, आणि उन्हाळ्यात साठा किती उरेल ते सांगायचे. त्यावर रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने ठरत. धरण मध्यम, साठा १२ कोटी घनमीटर. आपल्या वर्तमानपत्री भाषेत सव्वाचार टीएमसी.

दोन्ही भाषांच्या सवयी वेगळ्या. फोर्ट्रान एकापासून मोजते, सी शून्यापासून. गोदामात पोती रचायची झाली तर फोर्ट्रान एकेक उभी थप्पी पुरी करीत जाते, सी एकेक आडवी ओळ. जुन्या फोर्ट्रानमध्ये एखाद्या खोलीतून बाहेर जाऊन परत आलो तरी सामान जागच्या जागी सापडे. सी-मध्ये तसे स्पष्ट सांगून ठेवले नाही तर खोली कोणीतरी झाडून ठेवलेली असते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि चार महिन्यांत मी ते सांभाळून भाषांतर पुरे केले. दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालविले. जानेवारीअखेरच्या पातळीत सतरा सेंटिमीटरांचा फरक आला.

तीन आठवडे मी माझ्या प्रोग्राममधली चूक शोधीत होतो. घरी जेवताना, बसमध्ये, रात्री दोन वाजता. ती सापडेना, कारण ती माझ्या प्रोग्राममध्ये नव्हतीच.

इथे संगणकाच्या एका स्वभावाची ओळख करून द्यायला हवी. त्याला आकडा ठेवायला जागा मोजकी मिळते. ३२ बिटांच्या जागेत साधारण सात अंकच खरे राहतात. व्यापाऱ्याच्या खतावणीत सातच रकाने असावेत, आणि रक्कम मोठी झाली की डावीकडचे अंक लिहून उजवीकडचे सोडून द्यावेत, तसे. अशा यंत्राला तुम्ही १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवायला सांगा. तो अत्यंत गांभीर्याने उत्तर देतो, १,६७,७७,२१६. आणि असे हजार वेळा सांगितले तरी हजार वेळा तेच उत्तर देतो. आता आमचे धरण पाहा. साठा ६ कोटी ७१ लाख घनमीटरांच्या पुढे गेला की, त्या जागेत आकडे आठ-आठाच्या टप्प्यानेच लिहिता येतात. चाराहून लहान आकडा त्यात मिळविला तर तो नाहीसाच होतो. आमच्या पाणलोटात चार लहान ओढे होते, प्रत्येकाचे पाणी सेकंदाला सुमारे ५० लिटर, म्हणजे मिनिटाला ३ घनमीटर. प्रोग्राम प्रत्येक ओढ्याचे पाणी वेगळे मिळवीत असे. म्हणजे ते चारही ओढे रात्रंदिवस धरणात येऊन पडत होते, आणि आमच्या कागदावरच्या धरणाला त्यांचा पत्ताच नव्हता! सुमारे शंभर दिवसांत सतरा लाखांवर घनमीटर पाणी वाहून आले आणि मोजणीतून गळाले. दहा चौरस किलोमीटरच्या जलाशयावर ते पसरा. सतरा सेंटिमीटर भरतात.

मला वाटले, साहेब चुकले. साहेबांची चूक सापडली याचा, खोटे कशाला बोला, थोडा आनंदही झाला. तो आनंद एक दिवस टिकला. सीडीसी ३६०० या यंत्राचा शब्द ४८ बिटांचा होता. त्यांतले ३६ बिट आकड्याच्या अंकांसाठी. तिथे हे ओढे पूर्ण सुरक्षित होते. पुढे केव्हातरी तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, ३२ बिटांच्या लहान यंत्रावर नेण्यात आला. शब्द तेच राहिले, बोलणारे यंत्र बदलले, आणि अर्थ बदलला. ज्या दिवशी कोणी काहीच भाषांतर केले नाही असे सर्वांना वाटत होते, त्याच दिवशी खरे भाषांतर झाले होते, आणि ते चुकले होते.

या प्रकाराने मी फुशारलो. जुन्या प्रोग्राममध्ये खोट्या गोष्टी आहेत हे कळल्यावर मला जिकडेतिकडे खोट दिसू लागली. एके ठिकाणी नदीवरच्या एका गेजच्या वाचनात ०.०५ मिळविलेले होते. कारण काही दिलेले नव्हते. ती ओळ मी काढून टाकली. नंतर मन खाऊ लागले, म्हणून साहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. साहेबांनी ओळ पाहिली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "अहो, पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा गवंड्यानं गेजची पट्टी पाच सेंटिमीटर वर बसवली. ती तेवढं कमी दाखवते. दोनदा पत्रं लिहिली, पट्टी कोणी हलवली नाही. मग म्हटलं, पट्टी हलत नसेल तर गणित हलवू." मी निमूटपणे परत येऊन ती ओळ जागेवर ठेवली, आणि तिच्यापुढे ही सगळी हकीकत लिहिली. सी-मध्ये जागा पुष्कळ असते.

आता ही दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी जुना प्रोग्राम चमत्कारिक वागत होता. एके ठिकाणी ती चूक होती, दुसऱ्या ठिकाणी ते ज्ञान होते. आणि नुसत्या वाचनाने यांतले कोणते कोणते हे ओळखण्याची काहीही सोय नव्हती.

मग भाषांतर करणाऱ्याने करावे काय? मोठ्या प्रतिरूपांवर काम करणाऱ्या मंडळींनी याचे जे उत्तर काढले आहे ते मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे पृथ्वीच्या हवामानाचे एक प्रतिरूप आहे. त्याला ई-थ्री-एस-एम म्हणतात. ते फोर्ट्रानमध्ये होते. नवे महासंगणक मात्र मुख्यतः जीपीयूवर चालतात. मुलांच्या संगणकावरच्या खेळांतली चित्रे रंगविण्यासाठी निघालेले हे प्रोसेसर, आज विज्ञानाचे ओझे वाहत आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जीपीयूंवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून या मंडळींनी वातावरणाचा भाग सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहायला घेतला. त्यांपैकी वाऱ्याच्या गतीचे गणित करणारा जो गाभा, त्याचे भाषांतर २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वतःवर एक कडक अट घालून घेतली होती: नव्या प्रोग्रामचे उत्तर जुन्याच्या उत्तराशी शेवटच्या बिटापर्यंत जुळले पाहिजे. जवळपास नव्हे, तंतोतंत.

वरवर पाहता हा हट्ट वाटतो. जुन्यात चूक असेल तर तीही नव्यात उतरवायची? होय, उतरवायची! पोथीची नक्कल करणारे जुने लेखक शेवटी सांगत की, जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. त्यांतला शहाणपणा हाच आहे. आधी जशीच्या तशी नक्कल. ती जुळली की भाषांतर संपले. मग निराळ्या दिवशी, निराळ्या नोंदीने, दुरुस्ती. दोन्ही एकाच वेळी केले की, उत्तरात फरक पडल्यावर तो भाषेमुळे पडला, दुरुस्तीमुळे पडला, की आपल्या वेंधळेपणामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी १९९३ साली नेमके हेच केले होते.

या लोकांना फळही मिळाले. ढग मुळी लहान असतो; शंभर किलोमीटरच्या चौकोनांनी पृथ्वी मोजली तर ढग त्या चौकोनात हरवतो, आणि त्याच्या जागी अंदाजाचा ठोकळा बसवावा लागतो. त्यांच्या नव्या प्रतिरूपाने सबंध पृथ्वी ३.२५ किलोमीटरच्या चौकोनांनी मोजली, आणि ओक रिज येथील फ्रंटियर या महासंगणकावर एका दिवसात सव्वा वर्षाचे हवामान चालवून दाखविले. २०२३ साली हवामान-प्रतिरूपांसाठीचे गॉर्डन बेल पारितोषिक त्यांना मिळाले.

अर्थात् शेवटच्या बिटापर्यंत जुळणी नेहमीच शक्य असते असे नाही. आपण शाळेत शिकलो की बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच. संगणकात तसे नाही. तेच ओढे पाहा: चौघांचे पाणी आधी आपसांत मिळविले तर मिनिटाला १२ घनमीटर होतात आणि धरणात पोचतात; एकेकटे गेले तर वाटेत हरवतात. जीपीयूत हजारो हात एकाच वेळी बेरजा करीत असतात. कोणाची बेरीज आधी, कोणाची नंतर, याचा नेम नाही. म्हणून शेवटच्या अंकात फरक पडतो. आणि हवामानात तो फरक लहान राहात नाही. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ यांनी एमआयटीत आपले लहानसे हवामान-गणित मध्यापासून पुन्हा चालविण्यासाठी ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचे ०.५०६ घातले, आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो काही आठवड्यांचे त्यांचे हवामान पार वेगळ्याच वाटेने गेलेले! पुढे यातूनच एक नवे शास्त्र निघाले. परंतु भाषांतर करणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा घोर आहे. दोन प्रोग्रामांच्या उत्तरांत फरक आला, तर तो चुकीचा की निसर्गाच्या लहरीचा?

यावर अमेरिकेतल्या राष्ट्रीय वातावरण-संशोधन केंद्राच्या मंडळींनी २०१५ साली एक तोड मांडली. जुनाच प्रोग्राम १५१ वेळा चालवायचा, दर वेळी सुरुवातीच्या तपमानात दशांशचिन्हानंतरच्या चौदाव्या स्थानी किंचित ढवळाढवळ करायची. उत्तरे पसरतात. तो पसारा म्हणजे त्या हवामानाची स्वाभाविक लहर. नव्या यंत्रावरचे उत्तर त्या पसाऱ्यात बसले तर ते त्याच कुळातले. बाहेर पडले तर कुठेतरी पाणी मुरते आहे. एखाद्या मुलाचे नाक कोणावर गेले आहे, हे ठरविण्याच्या आपल्या घरगुती रीतीहून ही रीत फार निराळी नाही. फक्त आकड्यांची आहे.

दुसराही एक पंथ आहे. कणभौतिकीवाल्यांचे जिआंट-थ्री हे फोर्ट्रानमधले सिम्युलेशन फार प्रसिद्ध होते. १९९४ साली सर्न आणि जपानची केईके संस्था यांच्या मंडळींनी हातमिळवणी केली, आणि भाषांतराच्या फंदात न पडता सी प्लस प्लसमध्ये मुळापासून नवी रचना केली. डिसेंबर १९९८ मध्ये जिआंट-फोर बाहेर पडले. आज ते कर्करोगावरच्या किरणोपचारापासून अवकाशयानापर्यंत वापरले जाते. त्यांना जुन्याशी जुळविण्याची फिकीर कमी, कारण त्यांच्याजवळ प्रयोगशाळा होती. कणांचा झोत धातूवर सोडा, काय होते ते मोजा, गणिताशी ताडून पाहा. निसर्ग स्वतःच परीक्षक. आणि तरीही सर्नमधल्याच ॲलिस या प्रयोगाने पुढे कित्येक वर्षे जुने जिआंट-थ्रीच वापरले! हवामानवाल्यांना प्रयोगशाळेची ती चैन नाही, कारण हाताशी दुसरी पृथ्वी नाही.

आणि यशस्वी भाषांतरही टिकतेच असे नाही. स्वित्झर्लंडच्या हवामानखात्याने आपल्या प्रतिरूपाचा गाभा सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहून २०१६ साली जीपीयूवर रोजचे अंदाज सुरू केले. त्या काळी ही नवलाईची गोष्ट होती. २०२४ साली त्यांनी ते प्रतिरूप सोडून आयकॉन हे दुसरे घेतले. ते पुन्हा फोर्ट्रानमध्येच, जीपीयूसाठी मधूनमधून सूचना पेरलेले. फोर्ट्रान मेली असे सांगणाऱ्यांनी तिच्या तेराव्याला जेवायला जाण्यापूर्वी इकडे एक फेरी मारावी. आपल्या इथे पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत, २०२४ साली अर्क नावाचा महासंगणक आला आणि २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकोनांचे भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाले. आपल्या मान्सूनच्या अंदाजामागे जी प्रतिरूपे आहेत, त्यांचे मूळही बहुतेक याच भाषेत आहे. त्यांच्या भाषांतराची वेळ आज ना उद्या येणार. म्हणून हा विषय मला दूरदेशीचा वाटत नाही.

असो. माझी गोष्ट अर्धी राहिली आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग सांगायला मला फारसा आवडत नाही.

नवा प्रोग्राम सुरू झाला. ओढे धरणात पोचू लागले, गेजची पट्टी गणितात जागेवर होती. मी समाधानी होतो. आणखी एक आकडा मात्र मी न विचारता तसाच उतरवला होता. बाष्पीभवन मोजण्यासाठी धरणाजवळ एक लोखंडी गोल पात्र ठेवतात, चार फूट व्यासाचे. त्यातले पाणी रोज किती आटले ते पाहायचे. उथळ पात्र उन्हाने तापते, म्हणून त्यातले पाणी जलाशयाहून जास्त आटते. तेव्हा त्या आकड्याला एका गुणकाने गुणावे लागते. पुस्तकांत तो ०.७ च्या आसपास दिलेला असतो. आमच्या प्रोग्राममध्ये तो ०.५८ होता. गेजच्या प्रकरणात हात पोळल्यामुळे मी म्हटले, यातही साहेबांचे काही ज्ञान असणार. हात लावू नये.

त्या उन्हाळ्यात कागदावरच्या धरणात प्रत्यक्षाहून पाणी जास्त दिसत होते. मार्चअखेर फरक ध्यानात आला, तोवर आवर्तनांचे वेळापत्रक जाहीर झालेले. शेवटचे आवर्तन दोन दिवस आधी बंद करावे लागले. दोन दिवस म्हणजे काय, ते कालव्याच्या टेलला ज्यांची जमीन आहे त्यांना विचारा. पाणी टेलला शेवटीच पोचते. एक गृहस्थ कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर बसले. भुईमूग होता त्यांचा. ओरडले नाहीत. "यंदा काय झालं साहेब?" एवढेच विचारले. मी त्यांना बिटांविषयी काय सांगणार होतो? बाष्पीभवन जास्त झाले, असे काहीतरी सांगितले. विचार केला तर ते अगदीच खोटे नव्हते.

मग मी पुन्हा साहेबांकडे गेलो. या वेळी ते थकलेले दिसले, पण ०.५८ हा आकडा पाहताच ताठ बसले. "हे कोणी लिहिलं? माझ्या कार्डावर ०.७० होतं."

ते कोणी लिहिले हे आजवर कळलेले नाही. माझा कयास असा: ३२ बिटांच्या यंत्रावर ओढे हरवू लागले, कागदावरचे धरण प्रत्यक्षाहून रिकामे दिसू लागले, आणि साहेबांच्या मागून आलेल्या कोणा प्रामाणिक माणसाने, कारण न कळल्यामुळे, बाष्पीभवन कमी करून हिशेब जुळता केला. आकडेही बरोबर तसेच पडतात. दिवसाला साडेपाच मिलिमीटर धरले तर दोनशे दिवसांत त्या गुणकातल्या फरकाने तेरा सेंटिमीटर वाचतात. ओढ्यांनी नेलेले सतरा. एका चुकीने दुसरीला इतकी वर्षे सांभाळून घेतले होते. मी एकीला घराबाहेर काढले आणि दुसरीला अनाथ करून तिथेच ठेवले. मोठ्या हवामान-प्रतिरूपांतही असे जुळवून घेतलेले गुणक असतात, आणि त्या क्षेत्रातली माणसे ते मोकळेपणाने मान्य करतात. मी तंतोतंत नक्कल करून मग एकेक दुरुस्ती केली असती, तर ओढे परत आणले त्याच दिवशी हा गुणक उघडा पडला असता.

पुढच्या हंगामाआधी मी तो ०.७० केला आणि शेजारी टीप लिहिली: "पूर्वी ०.५८ होते. कोणी व का केले ते माहीत नाही." जुळणी पुष्कळ सुधारली. पूर्ण झाली नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याच कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. नवीनच लागली आहे. प्रोग्राम आता पायथनमध्ये करायचे ठरले आहे. आधी तंतोतंत नक्कल, मग दुरुस्ती, हे तिला कोणी शिकविलेले होते. ऐकून बरे वाटले. तिने विचारले, "सर, इथं तुम्ही 'माहीत नाही' असं लिहिलंय. म्हणजे अजूनही माहीत नाही?" मी म्हटले, नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जुनी कार्डं कुठं आहेत का?"

साहेब गेल्यावर वहिनींनी त्यांच्या कागदांची एक ट्रंक माझ्याकडे पाठविली होती. ती माळ्यावर आहे. मी ती कधी उघडली नाही. येत्या रविवारी ती मुलगी येणार आहे. ट्रंक खाली काढायला माझा नातू आहे.